शिजूनही गुलाबी

घरी प्रथमच हॅम शिजवणाऱ्याला एक शंका हमखास येते, ती अशी की तास उलटून गेले तरी मांस आतून गुलाबीच दिसते, तेव्हा ते कच्चे तर राहिले नाही? ताज्या मांसाचा लाल रंग उष्णतेने करडा-तपकिरी होतो आणि तीच शिजल्याची खूण मानली जाते. परंतु हॅम, म्हणजे मीठ व नायट्राइट यांत मुरवलेली डुकराची मागची मांडी, या नियमाला अपवाद आहे, आणि रंग बदलण्याची वाट पाहत राहिल्यास स्नायूंतील प्रथिने आकसून रस बाहेर पडतो व मांस चोथट होते.

या रंगाचा उलगडा जॉन स्कॉट हाल्डेन या स्कॉटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये केला. हाल्डेन यांचे नाव आज खाणीत विषारी वायूची चाहूल देणाऱ्या कॅनरी पक्ष्यांमुळे घेतले जाते आणि खारवलेल्या मांसावरील हे काम सहसा विसरले जाते, हे खेदाचे आहे, कारण ही दोन्ही कामे एकाच विचाराची आहेत. खाणीतील स्फोटांनंतर दगावलेल्या अनेक कामगारांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता, असे त्यांनी १८९६ च्या अहवालात दाखवले होते. हा वायू हिमोग्लोबिनमधील लोहाच्या अणूपाशी असलेली ऑक्सिजनची जागा बळकावतो व सहजासहजी सोडत नाही, म्हणून मृतांचे रक्त लालभडक राहते. खारवलेल्या मांसात तीच जागा नायट्राइटपासून तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड घेतो. मांसात हे लोह मुख्यतः मायोग्लोबिन या ऑक्सिजन साठवणाऱ्या प्रथिनात असते. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, पण लोह व नायट्रिक ऑक्साइड यांचे बंधन टिकते आणि गुलाबी रंगही टिकतो.

हा उलगडा होण्यापूर्वी शतकानुशतके मांस मुरवणारे मिठात सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, घालत असत, आणि युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत प्रामुख्याने बंदुकीच्या दारूसाठी जाणाऱ्या सोऱ्याचा मोठा वाटा बिहारच्या मातीतून निघे. रंग मात्र थेट सोऱ्याने येत नाही, तर जीवाणूंनी त्याचे नायट्राइट केल्यावर येतो, याचा धागा जर्मन रसायनज्ञ एडुआर्ट पोलेन्स्के यांना १८९१ मध्ये सापडला होता.

शिजल्यावरही रंग असा टिकतो, म्हणून हॅमची परीक्षा डोळ्यांनी न करता तापमापकाने करावी लागते. त्याचे टोक हाडाला न लावता मांसाच्या सर्वांत जाड भागात खुपसावे. न शिजवलेले हॅम आतून ६३ अंश सेल्सिअसला पोचल्यावर किमान तीन मिनिटे तसेच ठेवावे, तर कारखान्यातच शिजवून बंद केलेले हॅम ६० अंशांपर्यंत तापवले की पुरते, असे अमेरिकेचे कृषी खाते सांगते.

नायट्राइट बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जीवाणूलाही आवर घालते, तरी नायट्राइटविषयीच्या धास्तीमुळे ‘नायट्राइट न घातलेले’ अशी जाहिरात करून काही हॅम विकले जाते. त्यात बहुधा सेलरीचा अर्क असतो, सेलरीतील नायट्रेटचे जीवाणूंकरवी नायट्राइटच केलेले असते, आणि हे हॅमही शिजल्यावर गुलाबीच राहते.