देवचार आणि षड्रिपू : आद्य ख्रिस्ती मंडळीतील आध्यात्मिक युद्धाची कल्पना

आद्य ख्रिस्ती मंडळीने मानवी जीवनास एका अदृश्य युद्धाचे रूप दिले. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हे युद्ध रक्तमांसाच्या माणसांशी नसून दुष्ट आत्मिक शक्तींशी आहे, असे प्रतिपादन आढळते. तेथे वर्णिलेली शस्त्रेही सत्य, नीती, विश्वास आणि प्रार्थना हीच आहेत. तथापि ह्या कल्पनेस प्रारंभापासून दोन अंगे होती; त्यांतील भेद ध्यानी घेतल्याविना तिचा पुढील इतिहास उलगडत नाही.

पहिले अंग बाह्य होय. दुसऱ्या शतकात जस्टिनने रोमन जगातील देवता म्हणजे देवरूपाने पूजा घेणारी भुतेच होत, असे मांडले. भूतनिवारण हे त्यामुळे मंडळीचे नित्यकार्य बनले. इ. स. २५१ च्या सुमारास रोमच्या मंडळीत भूतनिवारक, वाचक व द्वारपाल मिळून ५२ जण होते, असे बिशप कॉर्नेलियसच्या पत्रावरून कळते. चौथ्या शतकात जेरुसलेम येथे बाप्तिस्मा घेणारा प्रथम पश्चिमेकडे तोंड करून सैतानाचा त्याग उच्चारीत असे व मग पूर्वेकडे वळत असे.

दुसरे अंग आंतरिक होय. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी एव्हाग्रियस (मृत्यू ३९९) ह्याने खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, साधनेचा कंटाळा, कीर्तिलालसा व गर्व असे आठ कुविचार सांगितले. विचार मनात येणे साधकाच्या हाती नाही. त्यास थारा देणे मात्र त्याच्याच हाती आहे, हे त्याच्या शिकवणीचे सूत्र होय. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने ही यादी सात पापांची केली व तीत मत्सरास स्थान दिले.

कुर्डुवाडी-पंढरपूर परिसरातील कीर्तनश्रोत्यास येथे षड्रिपूंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. काम, क्रोध, लोभ, मद आणि मत्सर दोन्ही परंपरांत भेटतात. भेद एवढाच की, षड्रिपू हे मनाचेच विकार होत, तर एव्हाग्रियसच्या मते कुविचारांमागे भुतांची प्रेरणा असते.

बाह्य अंगाचा मराठी प्रदेशातील परिणाम मात्र निराळा झाला. गोव्यातील हिंदू लोकश्रद्धेत देवचार हा वेशीवरून रात्री फिरणारा, वाट चुकलेल्यास सुखरूप पोचविणारा राखणदार होय. ख्रिस्ती वापरात तोच शब्द सैतानाचा वाचक झाला. जस्टिनने रोमन देवतांविषयी जे केले, तेच येथे एका शब्दाच्या अर्थांतराने घडले. ही केवळ भाषिक घटना नव्हती : १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली. त्याच साष्टीतील राचोल येथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले; त्यात ख्रिस्तकथा मराठी ओवीत व पुराणाच्या साच्यात अवतरली. ज्या लोकांची दैवते त्याज्य ठरली, त्यांचीच वाणी आणि काव्यरूप मात्र ग्राह्य ठरले.

जस्टिनच्या काळी ख्रिस्ती मंडळी सत्ताहीन व छळ सोसणारी होती. स्वतः जस्टिनला १६५ च्या सुमारास देहदंड झाला. तेव्हा परक्या देवतांस भुते म्हणणे हे दुर्बलांचे धैर्य होते. राजसत्तेचा आधार मिळताच तेच मत मूर्तिभंजनाचे समर्थन बनले. इफिसकरांच्या पत्राने शत्रुत्वातून वगळलेला रक्तमांसाचा शेजारीच मग त्या युद्धाच्या कक्षेत आला.