कल्याण बंदराचा जुना शेजार

भूमध्य समुद्र म्हटला की आपल्याला शाळेतला नकाशा आठवतो आणि त्यापलीकडे फारसे काही आठवत नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात समुद्राचा उरलेला संबंध म्हणजे खाडी, आणि खाडीचा संबंध म्हणजे लोकलच्या दारात लागणारा वारा. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे सागरी प्रवासाचे टिपण लिहिले, त्यात आपले कल्याण ‘कल्लिएना’ या नावाने आलेले आहे. तिथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी कुरकुरही त्यात आहे. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची मदिरा आहे, तांबे आहे, पोवळी आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची काशाची मूर्ती ही त्याच व्यापाराची खूण. सारांश, भूमध्याशी आपला शेजार दोन हजार वर्षांचा आहे; मधल्या काळात येणे-जाणे तुटले, इतकेच.

ते येणे-जाणे आमच्या घराने गेल्या वर्षी पुन्हा सुरू केले. निमित्त आईच्या पंचाहत्तरीचे. मुंबईच्या एका बड्या हॉटेलातील भूमध्य पद्धतीच्या उपाहारगृहात तिला जेवायला न्यायचे, असे मी ठरवले. दादाला हा बेत मुळीच पसंत नव्हता. “घरी सत्यनारायण घालू, चार माणसे जेवतील,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. आमचे वडील लवकर गेले. त्यानंतर आईने डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत डबे करून आम्हा दोघांना शिकवले. अशा बाईला एका ताटाची किंमत कुणी शिकवायची?

तरीही आम्ही गेलो. दादाही आला.

आत शिरल्यावर प्रथम नजरेत भरते ती शांतता. भांड्याला भांडे लागत नाही. पांढऱ्या भिंती, निळ्या फरश्या, मंद दिवे. पदार्थांची यादी हाती येते तेव्हा मात्र आपल्यासारख्याची गाळण उडते. वाचकांपैकी कुणी अशा ठिकाणी जाणार असतील तर त्यांनी घाबरू नये. सुरुवातीला ‘मेझे’ मागवावे. लहान लहान बशांतून चटण्या, कोशिंबिरी, लोणच्यातली फळे येतात आणि ती सर्वांनी मिळून खायची असतात. आपल्या पानातली डावी बाजूच ती. तिकडे तिला स्वतंत्र पान मिळाले आहे. शब्दही परका नाही. फारसीत ‘मझे’ म्हणजे चव, रुची. तो शब्द तुर्कांकडे गेला आणि ‘मेझे’ झाला. आपल्याकडे आला आणि ‘मजा’ झाला. त्यांनी जिभेपुरता ठेवला, आपण साऱ्या आयुष्याला लावला.

‘हुमुस’ या नावाचेही तसेच. अरबीत त्याचा अर्थ नुसता हरभरा. काबुली चणे मऊ शिजवून, तिळाच्या वाटणात लिंबू-लसूण घालून घोटायचे आणि वरून जैतुनाचे तेल सोडायचे. आईने बोटाच्या टोकाने चाखले, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “चण्याची सालं काढलीत रे यांनी. काम आहे हे.” पुढची बशी ‘बाबा घनूश’ची. एक घास घेताच तिचा चेहरा उजळला. “अरे, हे तर भरीत!”

भरीतच ते. विस्तवावर भाजलेले वांगे, फक्त दाण्याच्या कुटाऐवजी तीळ. वांगे मूळचे आपल्याच भागातले. संस्कृतातल्या ‘वातिंगण’ शब्दाशी फारसीतल्या ‘बादिंगान’चे आणि अरबीतल्या ‘बादिंजान’चे नाते अभ्यासक जोडतात. अरबांबरोबर ते स्पेन-पोर्तुगालपर्यंत पोचले, तिथे ‘बेरिंजेला’ झाले आणि पोर्तुगीजांच्या गलबतातून ‘ब्रिंजल’ होऊन परत आपल्या दारी आले. त्याच गलबतांनी आपल्याला पाव दिला, बटाटा दिला, काजू दिला. नावेही त्यांचीच राहिली. मामलेदार मिसळीबरोबर पाव मोडणाऱ्या ठाणेकराने परदेशी अन्नाला नाक मुरडण्याचे कारण नाही.

बशा रिकाम्या झाल्या तशी आई उठली आणि एकात एक बशी ठेवू लागली. वाढणारा मुलगा धावत आला. नोकरीतले इंग्रजी बाजूला ठेवून तो म्हणाला, “आजी, राहू द्या. तुम्ही बसा.” ती बसली खरी, पण हात मांडीवर कसे ठेवावेत हेच तिला कळेना. त्या वेळी मला जाणवले, की आईला बसून जेवताना मी जवळजवळ पाहिलेलेच नाही.

बिल आले ते तिने मागून घेतले. चष्मा लावून रकमांची बेरीज तपासली. सहा हजार चारशे रुपये. दादा न राहवून बोलला, “आई, तीनशे रुपये महिन्याने तू वीस डबे करायचीस. एका महिन्याचा सारा धंदा आपण दोन तासांत खाल्ला.”

आईने बिल घडी करून माझ्या हाती दिले. ती म्हणाली, “त्या महिन्यात मी एकदाही बसून गरम जेवले नव्हते. ते आज जेवले.”

दादा गप्प झाला. पैसे त्याने निम्मे दिले, आणि मी नको म्हणालो नाही.

मोठ्या हॉटेलांची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. तितक्या पैशांत पुष्कळ सत्कार्ये होतात, हे मलाही कळते. पण दिवाळीत चकल्या पाडणारे, करंज्या मुरडणारे हात प्रत्येक घरात असतात, आणि फराळाचे ताट शेवटी त्यांच्याच वाट्याला थंड येते. यंदा एक दिवस त्या माणसाला पाटावर बसवावे, आपण वाढावे, आपण उष्टी काढावीत. पानात मेझे असो वा साधे पिठले, ते गरम असले म्हणजे झाले.