पिल्लू घरात घाण करतंय? पॅड वापरायचं की अंगणात न्यायचं?

घरात दीड-दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिले दोन दिवस कौतुकात जातात. तिसऱ्या दिवसापासून गोधडीवर शू, ओट्याजवळ शी आणि घरच्यांची कटकट सुरू होते. मग प्रश्न पडतो, शहरातल्यासारखे पॅड आणायचे की सरळ बाहेरची सवय लावायची? दाराशी अंगण असेल तर बाहेरचीच सवय चांगली. मात्र लसीकरण पूर्ण होईपर्यंत ‘बाहेर’ म्हणजे नेमकं कुठे, हे आधी समजून घ्यावं.

पार्वोचा धोका

लहान पिल्लांचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे पार्वो. उलट्या, रक्ताची हगवण आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून हा विषाणू मातीत जातो आणि तिथे कित्येक महिने टिकतो. म्हणून गावातली मोकाट कुत्री फिरतात ते रस्ते, उकिरडा, पारावरची जागा पिल्लासाठी धोक्याची. लसीचा पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात देतात, नंतर दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस साधारण ३ महिने झाल्यावर. तोपर्यंत पिल्लाला कुंपणाच्या आतल्या, दुसरी कुत्री येत नाहीत अशा कोपऱ्यातच न्यावं, तेही उचलून.

पॅड कधी कामाचे?

अंगण नाही, घर माडीवर आहे, धो-धो पाऊस आहे किंवा दिवसभर सगळे शेतावर असतात, अशा वेळी पॅड उपयोगी पडतात. पण रोज दोन-तीन पॅड म्हणजे खर्च वाढतो. शिवाय पिल्लू पॅड फाडून आतला लगदा गिळू शकतं. आणखी एक अडचण म्हणजे पिल्लू जागेपेक्षा पायाखालचा पोत लक्षात ठेवतं. मऊ पॅडची सवय लागली की पायपुसणं आणि अंथरूणही त्याला तसंच वाटतं. त्यापेक्षा उथळ घमेल्यात किंवा ट्रेमध्ये स्वच्छ माती-वाळू भरून ठेवली तर पुढे अंगणात जाणं सोपं होतं. पॅड वापरलेच तर ते रोज थोडे दाराकडे सरकवत न्यावेत.

सवय कशी लावावी?

पिल्लाच्या वयाचे जितके महिने, साधारण तितके तास ते लघवी धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोन तासांनी न्यायलाच हवं. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर १५-२० मिनिटांनी, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपण्याआधीही न चुकता न्यावं. जागा रोज एकच ठेवावी. काम झालं की लगेच शाबासकी द्यावी, भाकरीचा तुकडा द्यावा. घरात गोल फिरत जमीन हुंगू लागलं की ओळखावं आणि उचलून बाहेर न्यावं.

चुकलं म्हणून नाक घाणीत घासणं किंवा मारणं बंद करा. त्याने पिल्लू शिकत नाही, उलट माणसाला घाबरून कपाटामागे, खाटेखाली लपून घाण करू लागतं.

वास राहिला तर पुन्हा तिथेच

फरशी आधी साबणाने, मग व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने पुसावी. सारवलेली जमीन मूत्र शोषते, त्यामुळे तेवढा पोपडा खरवडून काढावा आणि पुन्हा सारवावं. साध्या फिनेलने पार्वोचा विषाणू मरेल याची खात्री नसते, त्यासाठी ब्लीच लागतं.

पोरं आणि गुरंही जपा

पिल्लाच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात. मातीत खेळणाऱ्या पोरांच्या हातातून ती पोटात जातात, म्हणून पिल्लाला वेळेवर जंताचं औषध द्यावं. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी चाऱ्यात गेला तर गाय गाभडू शकते. म्हणून गोठा, गव्हाण आणि कडब्याची गंजी यांपासून ही जागा लांब असावी. विष्ठा रोज उचलून खोल पुरावी.

सवय पक्की व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. पण पिल्लू एकाएकी सारखी शू करू लागलं, लघवीत रक्त दिसलं किंवा उलट्या-हगवण सुरू झाली, तर तो सवयीचा प्रश्न नाही. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं.