अवकाळी वादळे, आगगाडी आणि ‘ईश्वरी कोप’

वैशाखातला वळीव आपल्या देशास नवा नाही. भाजून निघालेल्या भुईवर दुपार कलताना ढग दाटावेत, धुळीचे लोट उठावेत, घटकाभर विजा कडाडून मोठमोठे थेंब पडावेत आणि पुन्हा आकाश निरभ्र व्हावे, हा क्रम आपल्या वाडवडिलांनीही पाहिला आहे. त्यात पूर्वी कैऱ्या झडत, कौले उडत, क्वचित एखादे झाड उन्मळून पडे. आज मात्र तोच वळीव लक्षावधी माणसांची ये-जा दोन-तीन तास जागच्या जागी थोपवू शकतो. याचे कारण वाऱ्याचे बळ एकाएकी शतपट झाले हे नव्हे. आपण आपला सारा व्यवहार रुळांवर व तारांवर सोपविला. परंतु त्या रुळांची व तारांची निगा राखण्याची आपली रीत अजून तिथी-तारखेला चिकटून राहिली आहे, हे त्याचे खरे कारण होय.

१३ मे २०२४ चा दिवस आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या दिवशी दुपारी मुंबईवर धुळीचे वादळ आले. ठाणे व मुलुंड या स्थानकांच्या दरम्यान विजेच्या तारा पेलणारा एक खांब वाऱ्याने वाकला आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील उपनगरी वाहतूक ऐन संध्याकाळच्या तोंडावर खोळंबली. आरे ते अंधेरी पूर्व या टप्प्यात मेट्रोच्या तारांवर एक कापडी फलक येऊन पडला व तेथील गाड्याही थांबल्या. घाटकोपरास छेडानगर येथे तर जाहिरातीचा अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे प्राणास मुकली. महापालिकेच्या नियमाप्रमाणे ४० फूट लांबीरुंदीहून मोठा फलक चालत नाही. हा १२० फूट लांब आणि तितकाच उंच होता, व तो लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जागेवर उभा होता. वारा घटकाभराचा पाहुणा; पण फलक तेथे एका दिवसात उभा राहिला नव्हता.

अशा प्रसंगानंतर दोन दिवस हळहळ होते, चौकशीची घोषणा होते आणि अखेरीस ‘निसर्गापुढे कोणाचे काय चालणार?’ या प्रश्नाने प्रकरणावर पडदा पडतो. हा प्रश्न वरून मोठा विनम्र दिसतो. परंतु व्यवहारात तो जबाबदारी झटकण्याचे सोयीस्कर साधन होऊन बसला आहे. आमच्या व्यापारी वाचकांनी तर त्याचा विशेष विचार केला पाहिजे. मालधक्क्यावर ठेवलेली पोती अवकाळी पावसाने भिजली किंवा वादळाने अडकलेल्या गाडीत नाशवंत माल सडला, म्हणजे ‘ईश्वरी कोप’ हे उत्तर ठरलेलेच. पण कायदा खरोखर काय म्हणतो? रेल्वे अधिनियम, १९८९ याच्या ९३ व्या कलमात ज्या कारणांमुळे रेल्वे मालाच्या नुकसानीच्या जबाबदारीतून मुक्त होऊ शकते त्यांची यादी दिली आहे, आणि तीत ईश्वरी कोप पहिला आहे. परंतु त्याच कलमाच्या शेवटी एक अट घातली आहे: असे कारण सिद्ध झाले, तरी मालाच्या वाहतुकीत आपण वाजवी दूरदृष्टी व काळजी दाखविली होती हे रेल्वेने आणखी सिद्ध केल्यावाचून तिची सुटका नाही.

या अटीतील तत्त्व एका व्यापाऱ्याच्या दहा पोत्यांपुरते नाही. वादळ आले हे सांगून भागत नाही. वादळ येण्यापूर्वी तुम्ही काय केले होते, ते सांगा, असा तिचा आशय आहे. जो दंडक साखरेच्या पोत्यास लागू आहे, तो गाडीत बसलेल्या माणसास का लागू नसावा? आमचे आजचे सारे म्हणणे या एका प्रश्नात आले.

प्रथम हे पाहू की, अवकाळी वादळ हंगामी वादळाहून अधिक घातक का ठरते. आषाढातील वाऱ्यापुढे रेल्वे सज्ज असते: मोऱ्या उपसलेल्या असतात, मार्गालगतच्या फांद्या तोडलेल्या असतात, धोक्याच्या जागी गस्तीची माणसे नेमलेली असतात, मालावर ताडपत्री पडलेली असते. वैशाखात यांपैकी पुष्कळ कामे अर्धवट असतात. उन्हाने भेगाळलेल्या भरावात पहिल्या जोराच्या सरीचे पाणी सरळ आत उतरते आणि माती खचू लागते. गटारे उन्हाळ्याच्या पाचोळ्याने तुंबलेली असतात. त्यातच गाडीचे स्वरूप बदलले आहे. वाफेचे इंजिन आपला अग्नी आपल्याच पोटात घेऊन धावत असे. आजची गाडी डोक्यावरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेवर जगते. त्या तारेवर फांदी, पत्रा किंवा प्लास्टिकचे कापड पडले की प्रवाह खंडित होतो. आणि एक गाडी अडली की तिच्यामागे त्याच रुळावर असलेल्या साऱ्या गाड्या अडतात.

शिवाय ज्याला आपण अवकाळी म्हणतो, ते पूर्वीइतके विरळ राहिलेले नाही. अरबी समुद्राचे पाणी तापत असून त्यातील चक्रीवादळे गेल्या चार दशकांत वाढली आहेत, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेले, तेव्हा शहरात ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले. दोन्ही वेळी मुंबईत मोसमी पाऊस सुरू व्हावयाचा होता.

वाऱ्याचा हिशेब न करणाऱ्या रेल्वेचे काय होते, याचा धडा जगाला फार पूर्वी मिळाला आहे. स्कॉटलंडात डंडी शहराजवळ टे नदीच्या मुखावर बांधलेला पूल २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात कोसळला आणि त्यावरून जाणारी गाडी सर्व उतारूंसह पाण्यात गेली. चौकशीत निष्पन्न झाले की, पुलाची आखणी वाईट, बांधणी वाईट आणि देखभालही वाईट होती. त्याचे अभियंते टॉमस बाउच यांनी वाऱ्याच्या दाबाचा वेगळा हिशेबच धरला नव्हता. इंग्रज लोक वादळास दोष देऊन थांबले नाहीत. यापुढे प्रत्येक चौरस फुटास ५६ पौंड इतका वाऱ्याचा दाब गृहीत धरून मोठे पूल बांधावेत, असा नियम तेथे झाला, आणि १८९० साली खुला झालेला फोर्थचा पूल त्याच हिशेबाने उभारला गेला.

आपल्या देशातील असाच दारुण धडा धनुष्कोडीचा होय. २२ डिसेंबर १९६४ च्या मध्यरात्रीस पांबनहून निघालेली उतारूंची गाडी धनुष्कोडीच्या अलीकडे समुद्राच्या लाटांखाली गेली. शंभराहून अधिक जीव गेले आणि ते गावच उजाड झाले. पांबनच्या पुलाचे १२६ गर्डर वाहून गेले होते. ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली तो पूल अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला, ही गोष्ट योग्य अभिमानाने सांगितली जाते. परंतु दुरुस्तीच्या वेगाइतकीच आणखी एक गोष्ट आठवणीत ठेवण्याजोगी आहे. त्या पुलावर पवनमापक बसविण्यात आले आणि वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाडीस मनाई, असा नियम झाला. तेथे महिना कोणता, हंगाम कोणता, हे पाहण्याचे कारणच उरले नाही. गाडी सोडावी की थांबवावी, हे वाऱ्याचा आकडा ठरवू लागला. जुना पूल आता निवृत्त होऊन एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या शेजारी नवा पूल सुरू झाला आहे. पण जुन्याने घालून दिलेले हे वळण साऱ्या देशाने उचलण्यासारखे आहे.

आपल्या कोकण रेल्वेने ते काही अंशी उचलले आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड व गाडी यांची गाठ पडून ५१ माणसे मरण पावली. त्यानंतर डोंगरउतारांच्या बंदोबस्ताची कामे झाली आणि पावसाळी गस्तीस महत्त्व आले. पानवलचा उंच पूल आणि मांडवी, जुवारी व शरावती या नद्यांवरील पूल येथे पवनमापके आहेत. अनेक स्थानकांवर स्वयंचलित पर्जन्यमापके आहेत, आणि पावसाने समोरचे दिसेनासे झाले तर गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने हाकावी, अशी चालकांस ताकीद असते.

तथापि याच रेल्वेवर दुसरा एक नियम तारखेने चालतो. गाड्यांचा वेग कमी ठेवणारे पावसाळी वेळापत्रक ठराविक दिवशी लागू होते व ठराविक दिवशी उठते. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे ठरले होते. त्याच वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात, २५ मे रोजी दक्षिण कोकणात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईत तो एरवी ११ जूनच्या सुमारास येतो. म्हणजे कोकणात पावसाळा सुरू होऊन तीन आठवडे लोटले, तरी कागदावर उन्हाळाच होता. वेळापत्रकाचा काळ कमी करण्यामागे उतारूंचा वेळ वाचविण्याचा हेतू होता, आणि तो वाईट नव्हे. पण जेथे तारीख आणि ढग यांचे भांडण होते, तेथे ढगाचेच खरे मानले पाहिजे, हे त्या वर्षाने सांगितले. मुंबईतही नालेसफाईची मुदत ३१ मे. पाऊस पाच दिवस आधी. २६ मे रोजी वरळीचे आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रोस्थानक उद्घाटनानंतर तीन आठवड्यांच्या आतच पाण्याने भरले. बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गाची पाणी अडविणारी भिंत कोसळली होती.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. पवनमापक किंवा पर्जन्यमापक ही काही राजवाड्याच्या किमतीची वस्तू नव्हे. एका संध्याकाळी ठप्प झालेल्या शहराचे जे नुकसान होते, त्यापुढे तिची किंमत क्षुल्लक आहे. दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक झोताला गाड्या थांबवू लागल्यास लोक कंटाळतील. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावर उपाय सावधगिरी सोडणे हा नसून, कारण सांगणे हा आहे. ‘तांत्रिक कारणास्तव’ या दोन शब्दांनी उतारू चिडतो. ‘पुलावर वारा अमुक वेगाचा आहे, तो उतरताच गाडी सुटेल’ असे सांगितल्यास तोच उतारू थांबतो. लोकांस मूर्ख समजून कारभार करण्याचे दिवस गेले, हे अधिकारीवर्गाने ध्यानात घ्यावे.

आमच्या सूचना थोडक्यात अशा. पावसाळ्यापूर्वीची मोऱ्या, गटारे व वृक्षछाटणीची कामे एप्रिलअखेर पुरी व्हावीत. गस्त व वेगमर्यादा तारखेने सुरू न होता, मोजलेल्या पावसाने व वाऱ्याने सुरू व्हावी, मग महिना कोणताही असो. हवामान खात्याकडून पुढील तीन तासांचे इशारे मिळतात, ते नियंत्रणकक्षात येऊन पडून न राहता चालकापर्यंत व गँगमनपर्यंत पोहोचावेत. जो फलक वा जे झाड कोसळले असता रुळावर किंवा तारेवर येईल, त्याची दरवर्षी तपासणी व्हावी आणि तिचा निकाल प्रसिद्ध व्हावा. आणि रात्री भर पावसात कंदील घेऊन रुळावरून चालणाऱ्या गँगमनला चांगला रेनकोट, बोलण्याचे यंत्र व पुरेशी विश्रांती मिळावी. सारी यंत्रे बंद पडली तरी अखेर ज्याचे डोळे गाडी वाचवितात, तो हाच माणूस. त्याच्याविषयी अनास्था दाखवून सुरक्षिततेच्या गोष्टी करणे व्यर्थ होय.

दोष सारा सरकारचा, असे म्हणून आमच्या वाचकांनीही मोकळे होऊ नये. रुळालगतच्या छपरावर सैल पत्रा आपणच ठेवतो, दुकानाचा कापडी फलक विजेच्या खांबास आपणच बांधतो, गटारात प्लास्टिक आपणच टाकतो. व्यापाऱ्यांनी तर आपला हक्कही जाणला पाहिजे. मालकाच्या जोखमीच्या सवलतीच्या दराने माल पाठविल्यास रेल्वेचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचे ओझे मालकावर येते, हे चार पैसे वाचविताना विसरू नये. आणि नुकसान झाल्यास, माल रेल्वेच्या स्वाधीन केल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी दावा केलाच पाहिजे. दावा करणाऱ्यांची संख्या वाढेल, तेव्हाच दूरदृष्टीचा पुरावा मागण्याची चाल पडेल.

वारा कोणत्या दिवशी सुटावा, हे आपल्या हाती नाही. तो सुटेल तेव्हा खांब पक्का असावा, मोरी मोकळी असावी आणि गाडी थांबविण्याचा अधिकार ज्याला आहे त्याच्या हाती वाऱ्याचा आकडा असावा, एवढे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. तेवढे करून झाल्यावरही जे नुकसान होईल, त्यालाच ईश्वरी कोप म्हणावे. तोपर्यंत देवाचे नाव या कामी घेऊ नये.