नजर पैसेवारी आणि उपग्रहाची नजर

पैसेवारीचे आकडे आले. पन्नास पैशांच्या आत कोण, बाहेर कोण, यावर धाराशिवच्या पारावर वादही झडले. यातल्या पहिल्या टप्प्याला ‘नजर पैसेवारी’ म्हणतात. नाव प्रामाणिक आहे: शिवार नजरेखालून घालायचं आणि रुपयात किती पैसे पीक येईल ते लिहायचं.

दुष्काळ मात्र आता या आकड्यावर ठरत नाही. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेत आधी पावसाची तूट आणि खंड तपासतात. मग पेरणी, उपग्रहानं टिपलेला पिकाचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, भूजल. शेवटी तालुक्यातल्या १० टक्के गावांत पाहणी. २०१८ साली राज्यात १५१ तालुके याच रीतीनं जाहीर झाले. मी या पद्धतीच्या बाजूचा आहे. पुढाऱ्याच्या फोनवर तालुका ठरण्यापेक्षा सूत्रावर ठरलेला बरा.

पण २०२३ आठवा. तो ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा. ३१ ऑक्टोबरला राज्यातल्या ४० तालुक्यांची यादी निघाली, त्यात आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या आठपैकी तीनच: वाशी, धाराशिव, लोहारा. कळंब, भूम, परंडा, तुळजापूर, उमरगा बाहेर. ओरड झाली आणि नोव्हेंबरात सरकारनं दुसरीच पट्टी काढली. सरासरीच्या ७५ टक्क्यांहून आणि ७५० मिलिमीटरहूनही कमी पाऊस झालेली १,०२१ महसूल मंडळं ‘दुष्काळसदृश’ ठरली. सूत्रावर सरकारचाच भरवसा किती, ते यातून कळलं.

सूत्र चुकतं कुठे, ते सोयाबीनच्या रानात दिसतं. पावसाच्या खंडानंतर चार सरी आल्या की रान पुन्हा हिरवं होतं, तणही माजतं. उपग्रह हिरवेपणा मोजतो. शेंग दाबून आत दाणा आहे की नुसतं टरफल, हे त्याला कळत नाही. ते माणसानंच पाहायचं. म्हणून ती १० टक्के गावांची पाहणी हा साऱ्या पद्धतीचा कणा आहे.

पावसाचंही तसंच. ‘महावेध’नं २०१७पासून मंडळागणिक हवामान केंद्र दिलं, हे मोठं काम. पण अतिवृष्टीची रेघ ६५ मिलिमीटरची. केंद्रावर ६४ पडला आणि चार कोसांवर तुमचा बांध वाहून गेला, तर कागदावर अतिवृष्टी नाही.

तालुक्याचे सगळे निर्देशांक आणि पाहणीच्या गावांची यादी चावडीवर लावा, एवढीच मागणी आहे. जुन्या पैसेवारीवर निदान हरकत तरी घेता येते.