बट्टा : जुना आणि नवा

एकाच वहीत अनेक नाणी वागविणे आपल्या व्यापाऱ्यांना नवे नाही. पेशवाईत चांदवडी, मल्हारशाही, अंकुशी असे नाना रुपये चालत. त्यांचे वजन व कस सारखे नसल्याने पोतदार नाणे पारखून बट्टा ठरवी. १८३५ साली कंपनी सरकारने एकाच वजनाचा रुपया सुरू केला आणि हा बट्टा हळूहळू वह्यांतून नाहीसा झाला.

आज तो दुसऱ्या वेषात परत आला आहे. २०२१ साली रावेर तालुक्यातील तांदलवाडीची २२ टन केळी दुबईस गेली. असा माल पाठविणारा पुष्कळदा बीजक डॉलरमध्ये करतो; मजुरी, गाडीभाडे व कर मात्र रुपयांत भरतो. मग संगणकावरील त्याच्या वहीत हे कसे लिहावे?

प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात : डॉलरचा आकडा, त्या दिवसाचा दर आणि रुपयांतील रक्कम. समजा, १०,००० डॉलरचा माल ८२ रुपये दराने विकला. विक्री ८,२०,००० रुपयांची झाली. ३१ मार्चला पैसे येणे आहेत आणि दर ८३ आहे. तर येणे ८,३०,००० दाखवून वरचे १०,००० विनिमय-फरकाच्या खात्यास जमा करावयाचे. पुढे ८१.५० दराने ८,१५,०००च हाती आले, तर १५,००० त्याच खात्यास नावे पडतात. विक्रीचा मूळ आकडा मात्र हलवावयाचा नाही. टॅलीसारखी प्रणाली ही आकडेमोड क्षणात करते. पण दर कोणत्या दिवसाचा, हे तिला माणसानेच सांगावे लागते.

कोणी म्हणेल, पैसे हाती आल्यावरच रुपयांत लिहिले तर काय बिघडले? श्रोतेहो, ६ जून १९६६ रोजी डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. ज्याचे डॉलरमध्ये येणे होते, त्याला बसल्या जागी लाभ झाला. ज्याचे देणे होते, त्याचे देणे दीडपटीहून वाढले. दोघांच्याही धंद्यात तसूभर फरक पडला नव्हता!

हा फरक वेगळा लिहिला नाही, तर दराने दिलेला पैसा व्यापारी आपल्या चातुर्याचा समजतो आणि त्या भरवशावर पुढचा माल स्वस्तात देऊन बसतो. उलट, दराने खाल्लेला पैसा पाहून दुसरा चांगला चाललेला धंदा मोडतो. म्हणून देवपुरात बसून दुबईशी व्यवहार करणाऱ्याने केळीचा नफा केळीच्या खात्यात आणि दराचा नफा दराच्या खात्यात ठेवावा. म्हणजे आपण काय कमावले आणि काय नुसते हाती लागले, हे त्याला कळेल.