परदेशातले स्थळ : पत्रिका छापण्याआधी व्हिसाचा मार्ग ठरवा

महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून घ्यायला आमच्याकडे आले होते. मुलगी नर्स. मुलगा आपल्याच समाजातला, पण आईवडील फार पूर्वी अमेरिकेला गेलेले, त्यामुळे तो तिथला नागरिक. विहार, तारीख, वेळ, बौद्धाचार्यांचे नाव, सगळे पत्रिकेत होते. निघता निघता काका म्हणाले, "व्हिसाचा अर्ज जावयानं तिकडून टाकलाय. के-वन का काय म्हणतात त्याला."

आम्ही त्यांना पुन्हा खाली बसवले. के-१ हा व्हिसा वाग्दत्त वधूचा आहे. ज्यांचे लग्न ठरले आहे पण झालेले नाही, त्यांच्यासाठी. डिसेंबरात चारशे माणसांसमोर मंगल परिणय लागला असता, तर तो व्हिसा तिथेच संपला असता. आणि लग्न लपवून मुलाखतीला जावे, तर ती सरकारची फसवणूक. एकदा तसा शिक्का बसला की अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते.

परदेशातले स्थळ आले की आपण मुलाचा पगार विचारतो, घर विचारतो, आईवडील कसे आहेत ते विचारतो. पहिला प्रश्न मात्र राहून जातो : मुलगा तिथे कोणत्या कागदावर आहे? नागरिक आहे, ग्रीन कार्डवाला आहे, की एच-१बी वर नोकरीला गेलेला आहे? तिघेही सुटीवर आले की सारखेच दिसतात. पण नागरिकाच्या बायकोला व्हिसाच्या संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला आहे, म्हणून तिला रांगेत काही वर्षेही जाऊ शकतात. एच-१बी वाल्याची बायको एच-४ वर जाते आणि तिला आपोआप नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना तशी परवानगी मिळू लागली, पण तीही नवऱ्याचे ग्रीन कार्डचे काम ठरावीक टप्प्यापर्यंत गेलेले असेल तरच. शिकलेली, कमावती मुलगी तिथे जाऊन चार भिंतींत बसते, ती बहुधा या अज्ञानामुळे.

मुलगा नागरिक असेल, तर मार्ग दोन. एक वाग्दत्त वधूचा, के-१. तो फक्त नागरिकालाच मागता येतो. त्यासाठी आय-१२९एफ हा अर्ज मुलगा भरतो. अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते. फोनवरचे व्हिडिओ त्यात धरत नाहीत. 'आमच्यात लग्नाआधी भेटत नाहीत' या कारणावर सूट मागता येते, पण ती सिद्ध करणे अवघड. शिवाय आपल्या समाजात तशी रूढी नाही, मग खोटे का सांगावे? व्हिसा मिळाला की मुलगी एकदाच प्रवेश करू शकते आणि ९० दिवसांत त्याच मुलाशी लग्न व्हावे लागते. त्यानंतर ग्रीन कार्डचा वेगळा अर्ज, वेगळी फी. कामाचा परवाना हाती येईपर्यंत नोकरी नाही. आणि परवानगीशिवाय देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिला असे धरतात. आई आजारी पडली तरी तिकीट काढून लगेच येता येत नाही.

दुसरा मार्ग पत्नीचा. आधी लग्न, मग आय-१३० हा अर्ज, मग मुंबईच्या कॉन्सुलेटात मुलाखत. या व्हिसावर मुलगी विमानतळावर उतरते ती कायम रहिवासी म्हणूनच. कार्ड मागाहून टपालाने येते, पण नोकरीचा हक्क पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर मिळणारे ग्रीन कार्ड दोन वर्षांचे, सशर्त असते (के-१ वाल्यांनाही अर्ज मंजूर होताना हाच नियम). ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा. नवरा मारहाण करीत असेल किंवा घटस्फोट झाला असेल, तर बाईला एकटीनेही तो अर्ज करता येतो. लग्न खरे होते हे मात्र दाखवावे लागते.

लोक के-१ कडे वळतात ते 'लवकर होते' म्हणून. हल्ली तो फरक पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही, आणि दोन टप्प्यांचा खर्च धरला तर के-१ महागच पडतो. पण आमची हरकत वेळेची किंवा पैशाची नाही. मुलगी तिथे पोचली आणि त्या ९० दिवसांत मुलाचे मन फिरले, तर? के-१ वर गेलेल्या मुलीला तिथेच दुसऱ्या कुणाशी लग्न करून राहता येत नाही. तिला परत यावे लागते. नोकरी सोडलेली, निरोप समारंभ झालेला, चाळीत सगळ्यांना सांगितलेले. त्या तीन महिन्यांत घराची किल्ली, पैसे आणि लग्नाचा निर्णय सगळे एकाच माणसाच्या हाती असते. पत्नी म्हणून गेलेल्या मुलीचे असे नसते. तिची उमेदवारी कागदावर झालेली असते.

म्हणून आमचे मत पत्नीच्या मार्गाकडे आहे. तरी के-१ ची एक बाजू सांगितली पाहिजे. त्या अर्जात मुलाला मारहाण, लैंगिक अत्याचार अशा ठरावीक गुन्ह्यांतली आपली शिक्षा सांगावी लागते आणि ती माहिती मुलाखतीच्या वेळी मुलीला दिली जाते. २००५ च्या अमेरिकन कायद्याने ही सोय केली. आणखी एक म्हणजे मूल असलेल्या भगिनी. विधवा किंवा घटस्फोटित बाईचे मूल १८ वर्षांचे होण्याआधी लग्न झाले असेल, तरच पत्नीच्या मार्गात ते नवऱ्याचे सावत्र मूल धरले जाते. के-१ मध्ये मात्र २१ वर्षांखालील अविवाहित मूल आईबरोबर जाऊ शकते. मुलगा एकोणीस वर्षांचा असेल, तर तिथे के-१ च बरा.

आता लग्नाच्या कागदाविषयी. नोंदणी विवाहाचे महत्त्व आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी माईसाहेबांशी दिल्लीत नोंदणी पद्धतीनेच विवाह केला. तरी आपल्याकडे विहारात लग्न लागते, पंगती उठतात आणि नोंदणी राहून जाते ती राहूनच जाते. कॉन्सुलेटात फोटोंचा अल्बम पुरावा म्हणून जोडता येतो, पण लग्नाचा दाखला म्हणून चालत नाही. दोघेही बौद्ध असतील, तर लग्न लागल्यावर तीन साक्षीदार घेऊन वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत नोंद करावी. वर परधर्मीय असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागते आणि नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते. तीन आठवड्यांच्या सुटीवर आलेल्या मुलाचे हे गणित बसत नाही. आधीच आखणी हवी.

बाकी कागदांत आपल्या घरांतून नेहमी अडते ते नाव. शाळेच्या दाखल्यात एक आडनाव, रेशनकार्डात दुसरे, पासपोर्टात वडिलांचे नाव अर्धेच. लग्नानंतर नाव बदलायचे की नाही हे अर्जाआधीच ठरवून टाकावे. जन्माची नोंद सापडत नसेल, तर नोंद नसल्याचा दाखला आणि आईवडिलांची किंवा जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे लागतात. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. यातले एकही काम एजंटाशिवाय होत नाही असे नाही. पर्यटक व्हिसावर जा, तिकडे लग्न उरका, असे सांगणारा एजंट भेटला तर त्याला चहाही पाजू नये.

मुलाच्या बाजूने आणखी एक कागद द्यावा लागतो तो म्हणजे हमीपत्र, आय-८६४. तिथल्या सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के आपले उत्पन्न आहे आणि बायकोचा भार आपण उचलू, असे तो सरकारला लिहून देतो. घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी सुटत नाही आणि बाईला त्यावर कोर्टात दाद मागता येते. या कागदाची एक प्रत मुलीने स्वतःजवळ ठेवावी, तिच्या पासपोर्टासारखीच, आणि एक माहेरी ठेवावी. फसवणूक झालीच, तर दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात परदेशस्थ नवऱ्यांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे.

काकांनी त्याच रात्री जावयाला फोन लावला. तो आधी कुरकुरला, भरलेली फी वाया जाणार म्हणून. मग मुलीनेच फोन घेतला. वाट बघायची तर इथे पगार घेत बघेन, असे ती म्हणाली. के-१ चा अर्ज मागे घेतला. पत्रिका होती तशीच छापली. डिसेंबरात लग्न लागले, चौथ्या दिवशी दोघे वॉर्ड ऑफिसच्या रांगेत उभे होते. आता आय-१३० ची पावती आली आहे. मुलगी रात्रपाळी करते आणि सकाळी घरी येऊन इंग्रजीचा अभ्यास करते.